बारा मिनिटांची बुरुजवाली

हॅलो? … हॅलो, आई? … मी बोलतेय. … अहो मीच, तुमची सून, दुसरी कोण असणार. … हो, हॉस्पिटलमधूनच. … नाही, झालं नाही अजून. आत्ता कुठे आत घेतलं त्यांना, चार वाजून पाच मिनिटांनी. … सकाळी दहाचीच वेळ होती हो. मध्येच अपघाताच्या दोन केसेस आल्या, त्या आधी घेतल्या. आई, ऐका ना…

बाबा ठीक आहेत. … नाही, खाल्लं काही नाही. … पाणीसुद्धा नाही. सकाळपासून मागतायत. तो डावा हात तोंडापाशी न्यायचा आणि कलता करायचा, असं दहा वेळा झालं. मी म्हटलं, बाबा, तपासणी होईपर्यंत घोटभरही नाही, डॉक्टरांनी बजावलंय. तर रागावले. भिंतीकडे तोंड करून बसले.

ते राहू दे. तुम्ही कुठे आहात आत्ता? … स्वयंपाकघरात. गॅस बंद करा आणि फोन घेऊन मागच्या खोलीत जा. … बाबांच्या. कॉम्प्युटरसमोर बसा. … राहू दे अर्धवट, मी आल्यावर करीन.

आई, त्या खुर्चीवर तुमचा राग आहे, माहितीये मला. आज बसा.

… हो. त्या बयेसाठीच.

ऐका. चार वीसला वेढा आहे. … वेढा. बुरुजाला. … खेळातच, आणखी कुठे पडणार वेढा? मी बसणार होते. सकाळी तपासणी झाली असती तर दोनपर्यंत घरी पोचलो असतो. आता बाबा स्कॅनच्या मशीनमध्ये, मी बाहेर बाकावर, आणि वाजलेत चार दहा.

… नाही ढकलता येत पुढे. दोनदा ढकललाय. एकदा बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा, एकदा त्यांना ताप होता तेव्हा. दोनच वेळा मुभा असते. तिसऱ्यांदा वेळेवर बुरुजात कुणी नसलं तर तो न लढताच पडतो. आणि बुरुज पडला की ती गेली. … गेली म्हणजे पुसली जाते. परत येत नाही.

… असं म्हणू नका. … आई, मेली तर मेली असं म्हणू नका, ऐका तरी. … हो, हो, नऊ वर्षं. जेवायला हाक मारली की 'आलो' म्हणायचे आणि तासाभराने उठायचे. तुम्ही तिला सवत म्हणता हे सगळ्या बिल्डिंगला माहितीये. पण मला एक सांगा. पक्षाघातानंतरच्या दीड वर्षात बाबांच्या तोंडून 'बरं' सोडून दुसरा शब्द ऐकलात तुम्ही?

… मीही नाही. भूक लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं. मग बोलतात कशानं? … परवा तुमचा पाय मुरगळला तेव्हा मागच्या खोलीतून ती काय म्हणाली? … हं. 'जखम बांध, सावकाश चाल.' ते बटण कुणी दाबलं होतं?

… तेच म्हणतेय मी. तिला दोनशे बारा वाक्यं येतात. नऊ वर्षांत एकेक करून मिळवलेली. ती गेली तर नवी जादूगारीण मिळते, लगेच मिळते, फुकट मिळते. पण नवीला तीनच वाक्यं येतात. 'थांब', 'पुढे चल' आणि 'मी आले'. एवढ्या तीन वाक्यांवर बाबांनी उरलेलं सगळं…

हॅलो? … आई?

… बसलात? बरं.

ह्यांना आधीच लावला होता फोन. त्यांचा मोबाईल लॉकरमध्ये, सहापर्यंत. कारखान्यात आत नेऊ देत नाहीत. … नाही, दुसरं कुणी नाही. तुम्हीच.

खाली काळा डबा आहे, त्याचं मोठं बटण दाबा. … घरघरतोय? घरघरू दे. फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा, दोन्ही हात लागतील. … ऐकू येतंय ना मी? तुम्ही मोठ्याने बोला, मला हळूच बोलावं लागेल, समोर पाटी आहे शांतता राखा म्हणून.

आता मध्ये एक चौकट आली असेल, तिथे पासवर्ड. कीबोर्ड उचला. खाली चिठ्ठी चिकटवलीये. … तीच. बाबांचंच अक्षर, उजव्या हाताचं. …

आई? … आई, अक्षर नंतर बघा. चार तेरा झालेत.

एकेक अक्षर दाबा, घाई नको. … चुकीचा म्हणतोय? शेवटचा आकडा काय घातलात? … एक नाही, सात असेल तो. बाबा सातला आडवी रेघ देत नाहीत. … नाही, परत सगळं घाला, सुरुवातीपासून. आणि सावकाश, तिसऱ्यांदा चुकलं तर एक तास कुलूप लावतो तो. …

… आलं? आली ती? … काय दिसतंय सांगा. … हो, गोल खोली. वर मनोरा, खाली पायऱ्या, समोर दार. तोच बाबांचा बुरुज. आणि मधोमध उभी आहे ती. … हो, तीच बुरुजवाली. … केस? हो, पांढरेच आहेत. आधी काळे होते, दोन वर्षांपूर्वी बाबांनी बदलले. … तुमचे झाले तेव्हाच? … योगायोग असेल हो. आता ते नको, आई, पाच मिनिटं राहिलीत.

कीबोर्डकडे बघा. डाव्या बाजूला थेरपीवालीने रंगीत गोल चिकटवलेत, बाबांच्या डाव्या हातासाठी. दिसले? निळा, पिवळा, लाल, हिरवा. एवढ्याचंच काम आहे. बाकी कशाला हात लावू नका.

निळा म्हणजे वलय. निळा दाबून धरला की तिच्याभोवती उजेडाचं कडं पडतं. त्यातून बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. कुणीही नाही, हत्ती आला तरी नाही. … दाबून धरायचा, टिचकी मारायची नाही. दरवाजाची बेल नाही ती.

वर एक पट्टी आहे, पांढरी. ती तिची ताकद. वलय धरलं की पट्टी कमी होत जाते. लाल झाली की बोट उचलायचं, एक-दोन म्हणायचं, परत दाबायचं. दोनच अंक. तीन म्हटलंत की ते पायऱ्या चढले.

पिवळा म्हणजे वारा. कुणी दाराशी आला की पिवळा. उडून खाली पडतो. … मरत नाही, पडतो फक्त. लाल म्हणजे आग, ती तीनदाच मिळते. फार झालं तरच.

आणि हिरवा. हिरव्याला अजिबात हात लावायचा नाही. हिरवा म्हणजे दार उघडणं. त्या दाराचा एकच नियम आहे, ते बाहेरून फुटत नाही, आतूनच उघडतं. आणि तुम्ही आपल्या हाताने ज्याला आत घेतलंत, त्याच्यावर तिची जादू चालत नाही. वारा नाही, आग नाही, काही नाही. म्हणून हिरवा विसरून जा. म्हणून दाखवा. … हिरवा नाही. परत एकदा. … हो, मी शाळेतली बाई झालेय आज. म्हणा.

किती वेळ? बारा मिनिटं. वर कोपऱ्यात वाळूचं घड्याळ आहे. बारा मिनिटं ती उभी राहिली की वेढा उठतो. तुम्हाला जिंकायचं नाहीये, आई. टिकायचंय.

… ते कोण? समोरच्या टोळीचे. दहाजण. खरीच माणसं आहेत हो, आपापल्या घरी बसलेली. त्यांचा म्होरक्या लोहार म्हणून आहे. बाबांच्या मागे दोन वर्षं लागलाय. … वैर कसलं. हा एकच बुरुज त्याला मिळालेला नाही, एवढंच.

एक मिनिट… हो मॅडम, हळूच बोलतेय. … हो.

शिंगाचा आवाज आला? … मग दाबा निळा. दाबा, दाबा. धरा.

… किती दिसतायत? … सात. बाकीचे मागून येतील. घाबरू नका, वलय आहे. … दगड मारू देत. … मारू देत, लागत नाहीत. पट्टी बघा, दगड नका बघू. … अर्धी? आणखी धरा. … लाल? उचला. एक, दोन. दाबा. … दाबला? … छान. काय छान केलंत.

… शिव्या? काय लिहिलंय? … 'म्हातारा झोपला का'? लिहू देत. त्यांना माहीत नाही तिथे कोण बसलंय ते. … आई, उत्तर नाही द्यायचं. तुम्हाला लिहिता आलं तरी नाही द्यायचं.

दाराशी आला? कितीजण? … दोघं. पिवळा. निळ्यावरचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने पिवळा. … पडले? दोघंही? … हसताय काय, आई. घड्याळ बघा. … नऊ मिनिटं आहेत अजून.

शिडी? शिडी कुठून आणली त्यांनी… किती उंच? … खिडकीपर्यंत. मग आता लाल. … दाबा की. … माणूस दिसतोय म्हणून काय. जाळा त्याला. … आई, जाळा म्हणते ना, मी सांगतेय ना, जाळून टाका…

… नाही हो काकू, खेळातलं बोलतेय. सासूबाईंशी. … नाही, त्या तशा नाहीत. … सॉरी.

… जाळली? शिडीच जाळलीत, माणूस उतरल्यावर? … बरं. चालेल तेही. पण थांबू नका दर वेळी त्याच्या उतरण्यासाठी. पट्टी? … उचला. एक, दोन. दाबा.

… अंगठा दुखतोय? बोट बदला. निळ्यावर डावा अंगठा घ्या… घसरू देऊ नका… हं. मला माहितीये सांधे धरलेत तुमचे. सहा मिनिटं राहिलीत. बाबा एकट्या डाव्या हाताने हेच करतात.

थांबा, आतून कुणीतरी येतंय… हो, मीच त्यांच्याबरोबरची. … हलतायत? … आई, निळा सोडू नका, मी इथेच आहे. … हो ताई, सांगा. … डावा हात? … बोटं हलतायत. चित्र हलतं म्हणून पहिल्यापासून घ्यावं लागेल. … नाही, झटके नाहीत ते. झटके येत नाहीत त्यांना. … कशी हलतायत? एकेक? मोजल्यासारखी?

… आई. आई, बाबा आत मशीनमध्ये बोटं हलवतायत. डाव्या हाताची. … नाही, त्रास नाही होत काही. खेळतायत ते. आत पडून. चार वीसची वेळ पाठ आहे त्यांना.

ताई, तुमचा माइक आहे ना आत बोलायला? त्यांना एक निरोप द्याल? … एवढंच सांगा, बुरुजावर आई बसल्यात. … हो, असंच. बुरुजावर आई बसल्यात. … अर्थ विचारू नका, प्लीज, सांगा फक्त. त्यांना कळेल.

… हो, आई, आहे मी. पट्टी? … अर्धी. बरं. … सांगायला गेली ती. तुमचं नाव नाही घेतलं, आई म्हटलं. … घाबरायचे नाहीत. माहीत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

काचेतून हात करून दाखवतेय ती. … थांबला म्हणे. हात थांबला. एकदम. पुढचं चित्र घेतायत. …

… हो, आई. थांबला. तुमच्या नावानेच थांबला. आता रडू नका, पट्टी दिसायची नाही.

किती राहिली? … चार मिनिटं दहा. … सगळे मागे गेले? मागे गेले म्हणजे? कुठे उभे आहेत? … झाडांपाशी. दहाही? … नऊ. नीट मोजा. … नऊ. दहावा कुठे आहे?

आई, दहावा शोधा. … दाराशी? एकटाच? … पिवळा का नाही दाबला मग? … काठी टेकून? ते सोंग आहे, आई. … सोंगच, पावसात भिजलेला म्हातारा, ते रूप घेता येतं कुणालाही. काय लिहिलंय त्याने? … 'आजी, थकलोय, आत घ्या.' लिहिणारच तो. त्याला काय, आत कुणीही असो, तिचे पांढरे केस बघून आजीच म्हणणार तो. … कुडकुडतोय वगैरे चित्र आहे ते. पिवळा दाबा.

… आई? पिवळा दाबलात?

… कसला आवाज आला तो? … करकर कसली? … आई. हिरवा दाबलात का?

… हिरवा दाबलात.

… म्हणून दाखवलं होतंत ना तुम्ही. दोनदा. … हो, दारात भिजलेला माणूस. कळलं. तो भिजलेला नाही, आई, तो आपल्या घरी पंख्याखाली बसलाय. … आता कसा दिसतोय? काठी टाकली? … चामड्याचा अंगरखा, हातात घण. … हं. लोहारच तो.

… नाही चालणार. वारा नाही चालत त्याच्यावर. सांगितलं होतं मी. … लालही नाही. दाबून बघा हवं तर. … बघा. नाही होत.

संपलं, आई. … नाही, तुमची चूक नाही. माझीच. मी सकाळीच कुणाला तरी… मी एवढा मोठा कॉम्प्युटर टॅक्सीत घालून आणायला हवा होता. … तीन मिनिटं राहिली होती फक्त.

… किती पावलांवर आहे तो? … मग फिरा, खोलीत फिरवत राहा तिला. बाणांची बटणं, उजवीकडे खाली. गोल फिरा. … काय करताय? हा टकटक आवाज कसला? माऊस? माऊसचं काही काम नाही, आई.

… कुठला जग? … खिडकीतला. पाण्याचा. अहो, तो शोभेचा आहे. मी दहा वेळा क्लिक करून बघितलंय त्याच्यावर, काही होत नाही. बाबांनी मांडलाय उगाच. … असेल निळा. … कानापाशी पोचा? … आई, आपल्या घरातल्या जगाला पोचा आहे म्हणून त्या जगालाही… असेल, बघितलं असेल बाबांनी. सोडा तो. फिरा.

… काय, उचलला? कुणी? तिनं? … तिनं उचलला जग? माझ्याकडून कधी उचलला गेला नाही. … अहो, म्हणून काय द्यायचं त्याला? घण घेऊन उभा आहे तो. … आल्या माणसाला आधी पाणी, हो, तुमच्या घरात. हा तुमच्या घरात नाही आलेला… आला आहे खरं म्हणजे. …

दिलंत?

… प्यायला? … त्याने का प्यायलं? … त्याची पट्टीही लालच असणार. दहा मिनिटं धावतोय, वरून वाऱ्याने पडलेल्या दोघांत तोही असेल. … सगळं प्यायला. बरं. मग? … थांबलाय. थांबलाय म्हणजे काय करतोय? … घण कुठे आहे?

… उंबऱ्याबाहेर? कुणी टाकला? … आपोआप.

वाचा. काय लिहून आलंय ते वाचा, सावकाश. … 'ज्याने बुरुजाचं पाणी घेतलं…' … पुढे. … '…त्याचं शस्त्र दिवस मावळेपर्यंत उंबऱ्याबाहेर.' परत वाचा. … आणि खाली बारीक अक्षरात? चष्मा लावा. लावलाय? मग वाचा. … 'आणि म्होरक्या पाहुणा असेपर्यंत त्याच्या माणसांनी दाराकडे पाठ करून उभं राहावं.'

… राहिलेत? … नऊही?

… पाठ करून.

आई, एक मिनिट, मला बसू द्या. … नाही, बसलेलीच होते, मध्येच उभी राहिले बहुतेक. घड्याळ किती म्हणतंय? … एक मिनिट चाळीस. निळा धरू नका, गरज नाही. अंगठा सोडा. … सोडा हो. … सुजलाय का?

मला माहीतच नव्हतं हा नियम आहे ते. आत कुणी असल्याशिवाय तो जग उचलला जातच नसणार. आणि आम्ही कुणाला कधी आत घेतलंच नाही. … बाबांनी? मला नाही वाटत. निदान माझ्यासमोर नाही.

… काय लिहितोय तो? … 'आजोबा, हे कधी शिकलात?' … लिहू नका काही. … बरं, लिहा. काय लिहिताय? … 'मी आजी आहे.' … एवढं एक वाक्य लिहीपर्यंत वेळ संपेल, आई. लिहा.

… तीस सेकंद. … नाही, मी श्वास रोखून नाही बसलेय. … हो, बसलेय. … दहा. …

शिंग? … दोनदा वाजलं? दोनदाच ना? … मग उठला वेढा. टिकली.

… टिकली, आई. उभी आहे ना ती? हलतेय? … हो. तीच. दोनशे बाराच्या दोनशे बारा वाक्यांसकट. …

… हो, मी रडत नाहीये. काकू बघतायत इकडे. … काही नाही काकू, टिकली. … हो, सासूबाईंनी. … त्या म्हणतायत अभिनंदन करा म्हणून. तुमचं, आई. 

दार उघडतंय. बाबा येतायत, थांबा. … खुर्चीवरून आणतायत. … हो ताई, थँक यू. … चित्रं चांगली आली? … नाही, रिपोर्ट उद्या, माहितीये. पाणी देऊ आता त्यांना? … दहा मिनिटांनी. बरं.

बाबा, टिकली. … हो, टिकली. आईंनी… थांबा, परत पाणी? दहा मिनिटं म्हणाल्या त्या. दहाच मिनिटं, मग पोटभर… बाबा, मान नका हलवू, मी काय करू, त्याच म्हणाल्या…

…

आई.

… नाही, काही नाही झालं. आई, ते सकाळपासून हात करून दाखवतायत ना. तोंडापाशी नेऊन नाही. आत्ता नीट बघितलं मी. स्वतःच्या तोंडापाशी नाही नेत ते. समोर धरतात. समोरच्याला देतात, आणि कलता करतात.

… हो. जग.

… त्यांना तहान लागली नव्हती, आई. मला सांगत होते ते. सकाळी आठपासून. आणि मी बजावत होते, घोटभरही नाही म्हणून.

बाबा, कळलं. … आत्ता कळलं. तुमच्या सुनेला नाही कळलं, तुमच्या बायकोला न सांगता कळलं. … हसतायत, आई. मोठ्याने. ती मशीनवालीसुद्धा परत बाहेर आली बघायला. … खरंच हसतायत, ऐका, फोन धरते त्यांच्यापाशी. … बोला तुम्ही. ते कान लावून आहेत. बोला काय बोलायचं ते.

…

… झालं बोलून? काय म्हणालात? … बरं, नका सांगू. ते 'बरं' म्हणाले. … मला माहितीये ते सगळ्यालाच बरं म्हणतात. पण हे दोनदा म्हणाले.

चला, आता बंद करा ते, उठा, पाठ अवघडली असेल. आम्ही तासाभरात पोचतो. … का? … वेढा उठलाय आई, आता काही काम नाही तिथे. … कोण आलंय? … नऊही? काय म्हणतायत? … 'आम्हालाही आत घ्या.' बाहेर पाऊस आहे म्हणून. … अहो, तो पाऊस खोटा आहे, मघाशी सांगितलं ना… लोहार गेला नाही अजून? बसलाय? कुठे बसलाय? …

… घ्या मग. वेढा नाही, आता कसली भीती. घ्या आत. …

… रिकामा झाला? एका माणसातच? … आता तो कुठून भरायचा मला काय माहीत, मी आयुष्यात भरला नाही तो. थांबा, विचारते. बाबा, जग कुठे भरतात? … आई, डावीकडे दाखवतायत. … खाली. पायऱ्यांवरून खाली. … नाही, हळू, हात बघून सांगतेय मी… दोन बोटं. दोन जिने उतरून. मग काहीतरी ओढल्यासारखं करतायत… विहीर असेल. हो म्हणतायत, विहीर. आता तिथे दोर आहे का साखळी, ते विचारते, थांबा…

हॅलो? … आई? … हॅलो?

ठेवला त्यांनी, बाबा. दारात माणसं खोळंबलीत म्हणे.